पत्र्याखालचा हिशेब

पुण्याहून पौडकडे निघून पिरंगुटचा घाट उतरला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना निळे-हिरवे पत्रे दिसू लागतात. घोटावडे फाटा मागे टाकून कासार आंबोलीपर्यंत यावे तर भाताचे खाचर शोधावे लागते आणि पत्र्याची शेड न शोधता सापडते. काही शेड कारखान्यांच्या, काही गोदामांच्या, काही शहरातून येऊन गुंठे घेतलेल्यांच्या मोटारी उभ्या करायच्या. या गर्दीत आता शेतकऱ्यांच्या शेडही उभ्या राहू लागल्या आहेत. हंगाम संपला, हाती चार पैसे आले की पहिला विचार शेडचा येतो. त्यात गैर काही नाही. ट्रॅक्टर उघड्यावर भिजतो, पेंढा कुजतो, खताची पोती ओटीवर आणि भात माणसांच्या उशाशी, असा संसार किती दिवस करायचा?

आमची तक्रार शेड बांधण्याबद्दल नाही, ती कशी ठरते याबद्दल आहे. फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो आणि चौरस फुटाचा भाव सांगतो. आपण त्यात दहा रुपये तोडतो आणि मोठी लढाई जिंकल्याच्या आनंदात विसार देतो. पत्रा किती जाड, खांब जमिनीत किती, खड्डा केवढा, छपराला उतार किती, यातले एकही वाक्य त्या बोलण्यात येत नाही. बैल घेताना जो शेतकरी दात मोजतो, चालवून बघतो, वशिंडावर हात फिरवतो, तोच शेतकरी बैलाच्या दहापट किमतीची शेड रंग बघून घेतो. नावातच कासार असलेल्या गावात धातूची पारख सांगायला जाणे आगाऊपणाचे ठरेल. तरी तो आगाऊपणा आम्ही या अंकात करणार आहोत, कारण चुकलेली शेड एकट्या शेडचे नुकसान करीत नाही. तिच्याखालचा माल जातो, आणि माल गेला की भावासाठी थांबण्याची ताकद जाते.

भात कापणीला येतो दिवाळीच्या आगेमागे. त्याच दिवसांत सोसायटीचा तगादा, किराण्याची उधारी आणि पोरांची फी येते. म्हणून माल खळ्यावरूनच विकला जातो. गरज हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की ठेवायला कोरडी जागाच नसते. पहिल्या कारणावर एका शेडने उपाय होत नाही, दुसऱ्यावर होतो. आपल्या आज्यापणज्यांकडे कणगी होती, बळद होते, देशावर पेव होते. साठवणूक हे शेतकऱ्याचेच काम होते. पुढे १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याने साठा म्हणजे गुन्हा असे वातावरण तयार झाले. तो कायदा २०२० साली सैल केला आणि २०२१ अखेर ती सुधारणाही मागे घेतली. साठ्यावरची बंधने येतात ती व्यापाऱ्यावर, पण खरेदीदाराचे हात बांधले की भाव पडतो तो शेतकऱ्याचाच. अशा वेळी आपला माल आपल्या छपराखाली सहा महिने सुखरूप राहणे याला मोल आहे.

मुळशी-मावळच्या शेतकऱ्याला तर ते मोल इतरांपेक्षा जास्त कळायला हवे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी दिली. आंबेमोहर तर त्याआधीपासूनचा. दोन्हींचे गिऱ्हाईक पुण्यात, तासाभराच्या अंतरावर बसले आहे आणि वर्षभर तांदूळ मागते आहे. भात टरफलासकट असला तर तांदळापेक्षा चांगला टिकतो. म्हणून हिशेबी शेतकरी भातच ठेवतो आणि मागणी येईल तसा गिरणीवर काढतो. हा धंदा करायचा तर जागा कोरडी हवी, आणि ती चार महिन्यांच्या पावसात कोरडी राहायला हवी.

आता मापाकडे येऊ. सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो इथे. वीस बाय तीस फुटांची शेड हे एक लोकप्रिय माप झाले आहे. शेजाऱ्याची तेवढी, म्हणून आपली तेवढी. आत काय ठेवणार ते आधी जमिनीवर फक्कीने आखून बघावे. तीस क्विंटल भात म्हणजे साठ किलोची पन्नास पोती. सहा-सहाची थप्पी लावली आणि भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळे सोडले तरी दहा बाय दहाच्या खोलीत हा सगळा भात बसतो. म्हणजे सर्वांत मोलाच्या मालाला सर्वांत कमी जागा लागते. बाकीची जागा खातात ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पेंढा. मग साऱ्या सहाशे फुटांना सारखाच खर्च कशाला? शेडच्या एका कोपऱ्यात दहा बाय दहाची खोली विटांची, उंच जोत्याची, घट्ट दाराची करावी. तिथे पैसा हात सैल सोडून घालावा. ट्रॅक्टरला तीन बाजू उघड्या असल्या तरी चालतात. त्याला फक्त डोक्यावर पाणी नको असते.

पेंढा आणि ट्रॅक्टर एकाच छपराखाली ठेवायची रीत आम्हाला पसंत नाही. डिझेल, बॅटरीची ठिणगी आणि वाळका पेंढा यांची संगत बरी नव्हे. निदान मधे पूर्ण उंचीची भिंत हवी. खताचेही तसेच. युरिया हवेतली ओल ओढतो आणि पोटॅशचे मीठ लोखंड खाते. ज्या कोपऱ्यात खत त्या कोपऱ्यातला पत्रा आणि खांबाचा पाय आधी गंजतो. गोठ्यातल्या मुताच्या वाफेनेही जस्ताचा मुलामा जातो. म्हणून गुरे बांधायच्या शेडचा पत्रा उंच ठेवावा आणि वारा खेळता ठेवावा. कांदा ठेवणाऱ्यांना तर आमचे सांगणे असे की साध्या पत्र्याच्या बंद शेडचा विचारच करू नये. लोखंडी पत्र्याखाली कांदा उकडतो आणि सडतो. त्याला चाळच हवी, खालून आणि बाजूंनी हवा घेणारी.

पण शेड पडते ती आत काय ठेवले यामुळे नव्हे, वाऱ्यामुळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. सह्याद्री ओलांडून ते मुळशी, मावळ, खेड, जुन्नरवरून गेले. तोपर्यंत जोर कमी झाला होता. तरीही घरांचे, शाळांचे, गोठ्यांचे पत्रे उडाले आणि हरितगृहे भुईसपाट झाली. वादळ कोकणात येते, घाटावर त्याचे काय, हा समज त्या एका दुपारी संपला.

वारा शेडला ढकलतो असे आपल्याला वाटते. छपराला तो ढकलत नाही, वर ओढतो. छत्री उलटी होते तशी गत. शेड उघडी असेल, किंवा तीन बाजू बंद आणि एक उघडी असेल, तर आत शिरलेला वारा खालून रेटतो आणि वरून जाणारा वारा ओढतो. दोघे मिळून छप्पर उचलतात. देशाच्या बांधकाम मानकात, म्हणजे भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो, चौरस फुटाला साडेआठ किलो भरतो. वीस बाय तीसच्या शेडचा ढोबळ हिशेब मांडला तर सहाशे फुटांच्या छपराला वर ओढणारी शक्ती पाच टनांच्या घरात जाते. पत्र्यांचे स्वतःचे वजन किती? अर्धा मिलिमीटरचा पत्रा असला तरी सगळे मिळून अडीचशे-तीनशे किलो. कैच्या, पाइप, खांब धरून फार तर दीड टन. उरलेले साडेतीन टन कोण धरून ठेवणार?

ते धरायचे खड्ड्यातल्या काँक्रीटने. शेडला आठ खांब आहेत असे समजू. एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल असा खड्डा घेतला तर त्यातल्या काँक्रीटचे वजन शंभर किलो भरते. आठ खड्ड्यांचे आठशे. हे असले खड्डे आम्ही ठिकठिकाणी बघतो. दोन बाय दोन आणि अडीच फूट खोल घेतला तर एकाच खड्ड्यात पावणेसातशे किलो काँक्रीट बसते आणि आठ मिळून पाच टनांच्या वर जातात. या दोन शेड रस्त्यावरून बघितल्या तर अगदी सारख्या दिसतात. चौरस फुटाच्या भावात जे दहा-वीस रुपये आपण मोठ्या हुशारीने कमी करून घेतो, ते फॅब्रिकेटर याच खड्ड्यातून कापतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. आपण त्याला फक्त भाव विचारला होता.

खांबाच्या पायाविषयी आणखी एक सांगायचे. पाइप थेट मातीत किंवा काँक्रीटमध्ये पुरला तर तो जमिनीच्या रेषेवर गंजतो, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वर रंग चकचकीत आणि बुडाशी चाळण अशी अवस्था काही वर्षांत होते. काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच काढून त्यात बोल्ट रोवावेत आणि खांबाच्या बुडाला जाड पट्टी वेल्ड करून ती त्या बोल्टांवर कसावी. पाइपाची उघडी तोंडे टोपीने बंद करावीत. वेल्डिंग जिथे झाले तिथे जस्त जळालेले असते. तो भाग घासून त्याच दिवशी रंगवून घ्यावा, उद्यावर टाकू नये.

बाजारात आता नटबोल्टने जोडायच्या तयार शेडही मिळतात. त्यांचा एक फायदा खरा आहे. उद्या जागा बदलावी लागली तर खोलून नेता येतात, आणि मुळशीत जागा कधी बदलावी लागेल ते सांगता येत नाही. पण अशी शेड हलकी असते, म्हणून तिला खड्डा लहान नव्हे तर मोठा लागतो. विक्रेता नेमके उलटे सांगतो: साध्या फरशीवर चार बोल्ट मारले की झाले. मोटार ठेवायला शहरातल्या भिंतीआड ते चालत असेल. उघड्या माळावर चालणार नाही.

पत्र्याची जाडी हा फसवणुकीचा दुसरा मोठा धंदा आहे. गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. चोवीस गेजचा पत्रा साधारण ०.६ मिलिमीटर, तीस गेजचा निम्मा, ०.३ च्या आसपास. म्हणून गेज बोलूच नये, मिलिमीटर बोलावे आणि ते बिलावर लिहून घ्यावे. लिहून घेतले तरी तपासावे. सोपी परीक्षा वजनकाट्याची. दहा फूट लांबीचा, पन्हळ पाडण्याआधी चार फूट रुंद असलेला अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा साडेचौदा किलो भरतो. ०.३५ चा पत्रा दहा किलोच. डोळ्याला न दिसणारा फरक काट्याला साडेचार किलोचा दिसतो. ज्या शेतकऱ्याच्या मालाला बाजार समितीत काट्यावर किलोकिलोने छाटले जाते, त्याने एकदा तरी काटा आपल्या बाजूने वापरावा.

मुलाम्याचेही तसेच आहे. जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅम, असा आकडा असतो. १२० ग्रॅमचा पत्रा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा दुकानात शेजारी ठेवले तर सारखेच चमकतात. आपल्याकडच्या पावसात दोघांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. रंगीत पत्रा घेताना रंगावर जाऊ नये, रंगाखाली काय आहे ते विचारावे. सिमेंटचे पत्रे स्वस्त पडतात आणि तापतही कमी, पण त्यात ॲस्बेस्टॉस असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक ठरवले आहे. जुने पत्रे छपरावर असतील तर ते कापू नयेत, घासू नयेत, तोडून रस्त्याच्या भरावात टाकू नयेत. नवे घेण्याचे तर कारणच नाही.

पावसाची गोष्ट वेगळी सांगायला हवी का? ज्या तालुक्यात जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, तिथल्या माणसांना पाऊस शिकवायचा नसतो. कासार आंबोली घाटमाथ्यापासून दूर, तिथे तेवढा पडत नाही. पण पत्र्याला उतार देताना आपण मुळशीत आहोत हे विसरू नये. देशावरचा उतार इथे कमी पडतो. पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. आढे पूर्व-पश्चिम असेल तर पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावत पश्चिमेकडे यावे, म्हणजे प्रत्येक जोडाचे तोंड पूर्वेला राहते आणि वारा त्यात पाणी घुसवू शकत नाही. वरचा पत्रा खालच्यावर आठ-नऊ इंच तरी चढावा. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा, खळग्यात नव्हे, आणि त्याखालचा रबरी वायसर चेपून फाटेपर्यंत आवळू नये. शेडची उघडी बाजू पूर्वेला ठेवावी. कौलारू घरे बांधणाऱ्या आपल्या सुतारांना यातले सारे ठाऊक होते. पत्रा आला आणि हे ज्ञान गेले.

एक इंच पाऊस झाला तर सहाशे फुटांच्या छपरावरून चौदाशे लिटर पाणी खाली येते. ते जिथे पडते तिथे जोत्याशेजारी चर पडतो आणि तोच चर पायाचे खड्डे उघडे करतो. म्हणजे ज्या काँक्रीटच्या भरवशावर वाऱ्याशी सामना करायचा, ते आपल्याच छपराच्या पाण्याने मोकळे होते. पागोळीला पन्हळ लावून पाणी दूर न्यावे. जमल्यास टाकीत घ्यावे, मार्चपासून गुरांना उपयोगी पडेल.

छप्पर न गळताही भात भिजतो, आणि ही गोष्ट अनेकांना कोडे वाटते. कोडे काही नाही. रात्री पत्रा झपाट्याने थंड होतो, आतल्या ओलसर हवेतले पाणी त्याला आतून धरते आणि पहाटे पोत्यांवर थेंब पडतात. पत्र्याला घाम येतो म्हणतात तो हाच. धान्याच्या खोलीत पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याची किंवा फळ्यांची पोटमाळवजा तक्तपोशी करावी, आढ्याजवळ हवा निघायला वाट ठेवावी. आधी भात मात्र नीट वाळवावा. सरकारी खरेदीत भाताला सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, पण पावसाळा काढायचा तर बारा-तेरा टक्क्यांवर आणूनच पोती शिवावीत. खाली फरशी असली तरी पोती फरशीवर टाकू नयेत, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. जोते बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान दोन फूट उंच हवे. घुशी आणि उंदीर भिंतीतून येत नाहीत, दाराखालच्या फटीतून येतात. दाराच्या बुडाला पत्र्याची पट्टी ठोकायला शंभर रुपये लागत असतील नसतील.

विजेबद्दल दोनच वाक्ये. पत्र्यावरून किंवा पत्र्याला टेकून वायर नेऊ नये, आणि लोखंडी शेडला अर्थिंग केल्याशिवाय आत दिवा लावू नये. सोललेल्या वायरीने सारी शेड जिवंत होते आणि ओल्या पायाने दाराला हात लावणारा माणूस मरतो.

आता या पत्र्याच्या भावाकडे बघू. एके काळी नालीदार पत्रा आणि सिमेंट दोन्ही परमिटवर मिळत. मामलेदार कचेरीत खेटे घातल्याशिवाय गोठ्यावर पत्रा चढत नसे. सिमेंट १९८९ मध्ये आणि पोलाद जानेवारी १९९२ मध्ये नियंत्रणातून सुटले, तेव्हा पत्रा दुकानात आला. मोकळीक मिळाली की माल मिळतो, याचा हा आपल्या डोळ्यांदेखतचा पुरावा. पण मोकळीक कोणाला किती द्यायची यात सरकारचा हात अजून आखडतोच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याचा भाव जरा वर सरकला तर निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली, आणि शेवटचे शुल्क उठायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. त्याच एप्रिल महिन्यात बाहेरून स्वस्त पोलाद येते म्हणून आयातीवर १२ टक्के संरक्षण शुल्क बसवले गेले, आणि त्यात मुलाम्याचा व रंगीत पत्राही आला. म्हणजे कांद्याचा भाव चढू नये म्हणून शुल्क, आणि पत्र्याचा भाव उतरू नये म्हणूनही शुल्क. शेतकरी या दोन्ही व्यवहारांत आहे आणि दोन्हीकडे देणाऱ्याच्या रांगेत उभा आहे. वर पत्रा आणि अँगलवर १८ टक्के जीएसटी. कारखानदार तो पुढच्या हिशेबात वळता करून घेतो. शेतकऱ्याला तो वळता करायला पुढचा हिशेबच नाही.

आणि शेड पडली तर? आपत्तीच्या मदतीच्या निकषांत घराला जोडलेल्या गोठ्यासाठी २,१०० रुपये होते, २०२२ नंतर ते ३,००० झाले. एका खांबाचा खड्डासुद्धा यात भरत नाही. तेव्हा पंचनाम्याच्या भरवशावर हलकी शेड बांधू नये.

कायद्याची बाजूही बघून ठेवायला हवी. जमीन महसूल संहितेत १९६६ पासून ‘शेतघर’ याची व्याख्या आहे. अवजारे, खत, वैरण, शेतमाल ठेवण्यासाठी आणि गुरे बांधण्यासाठी शेतात केलेले बांधकाम त्यात बसते. म्हणजे शेतकऱ्याची शेड हा मुळात शेतीचाच भाग. पण मोठ्या शहरांच्या हद्दीलगत त्यालाही परवानगी आणि क्षेत्राच्या अटी आहेत. शहर तर आपल्याकडे चालत येते आहे: २०१५ मध्ये महानगर प्राधिकरण आले, २०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे, बावधन महापालिकेत गेले. खड्डा खणण्याआधी तलाठी कार्यालयात आणि प्राधिकरणाकडे लेखी विचारून पोच घ्यावी. शेडची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणीत करून घ्यावी, बिल आणि फोटो जपून ठेवावेत. उद्या रस्त्याला किंवा आणखी कशाला जमीन गेली तर जमिनीवरच्या बांधकामाचे मोल वेगळे धरतात, आणि ते कागदावर असेल तेवढेच धरतात. धरणापासून आजवर मुळशीच्या माणसाला हे काही नवे नाही.

शेड भाड्याने देणाऱ्यांना एक शब्द. भात परवडत नाही, भाडे महिन्याला येते, म्हणून शेतातली शेड कोणा बाहेरच्याला देण्याची चाल वाढली आहे. त्याबद्दल आम्ही नाके मुरडणार नाही. शेतीला भाव असता तर ही पाळी आली नसती. पण एकदा भाड्याने दिली की ती शेतघर राहत नाही, बिगरशेती होते. आत काय येऊन पडते त्याला जागामालक म्हणून आपणही जबाबदार ठरतो. ७ जून २०२१ ला जवळच्याच उरवडे येथे कारखान्याला आग लागून डझनाहून अधिक कामगार होरपळून गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. तो कारखाना होता, शेतातली शेड नव्हे. पण पत्र्याच्या शेडला एकच दार असले आणि आत पिंपे भरलेली असली तर फरक कितीसा राहतो? भाडेकरू पिंपात काय आहे ते सांगत नसेल तर भाडे सोडावे. सांगत असेल तर दुसरे दार पाडून घ्यावे.

राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. मालाच्या किमतीच्या पाऊणपट रक्कम सहा टक्क्यांनी सहा महिने मिळते, पण माल बाजार समितीच्या गोदामात नेऊन ठेवला तर. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेडमध्ये मापून, सील करून ठेवलेल्या भातावर तेवढेच कर्ज का मिळू नये, हा प्रश्न जिल्ह्याच्या बैठकीत घ्यावा असे आम्ही सुचवतो. मात्र ती मागणी करायची तर आपल्या शेड दाखवण्याजोग्या हव्यात.

म्हणून बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या शेडचे बिल, पत्र्याची जाडी आणि पायाच्या खड्ड्याचे माप कागदावर आणावे. निसर्ग वादळात ज्यांच्या टिकल्या त्यांनी आणावे आणि ज्यांच्या उडाल्या त्यांनीही. यंदा ज्यांना शेड बांधायची आहे त्यांची नावे तालुकावार एकत्र करून एकाच मापाच्या, एकाच जाडीच्या पत्र्यासाठी एकत्रित भाव मागता येईल. वीस जणांची मागणी एकदम गेली तर फॅब्रिकेटर चौरस फूट सोडून खड्ड्याबद्दल बोलायला लागेल. काम मार्चअखेर संपेल असे धरावे. मे महिन्यात वेल्डर मिळत नाही, मिळाला तर घाईत असतो. आणि ज्या दिवशी काँक्रीट पडायचे त्या दिवशी लग्नाला, बाजाराला कुठेही न जाता घरच्या माणसाने टेप घेऊन आठही खड्ड्यांशी उभे राहावे.